साहेब रात्री दोनला लॉगिन करतात

वरवट बकालच्या एका पतसंस्थेचे शाखाधिकारी रोज रात्री दोन वाजता मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवर लॉगिन करतात. रविवारी करतात, पोळ्याला करतात, लक्ष्मीपूजनालाही करतात. पोरीची पाठवणी करून मांडवात डोळे पुसत बसले होते, त्या रात्रीसुद्धा त्यांनी ठीक दोनला लॉगिन केलं, दिवसभराच्या व्यवहारांची फाईल चढवली आणि बाहेर पडले. सर्व्हरच्या लॉगमध्ये तसं स्वच्छ लिहिलेलं आहे. असा कर्तव्यदक्ष माणूस अख्ख्या सहकारात दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही.

प्रत्यक्षात साहेब भाकर खाऊन दहाच्या आत घोरायला लागतात. लॉगिन करते ती वीसेक ओळींची एक शेल स्क्रिप्ट. लिहिली गावातल्याच पोरानं. तो पुण्याला हिंजवडीत नोकरीला आहे. असा पोरगा दिवाळीला गावी आला की बारा महिने बिघडून पडलेले प्रिंटर त्याच्याच वाटेकडे डोळे लावून बसलेले असतात. अशाच एका दिवाळीला त्याला पतसंस्थेच्या क्लार्कनं गाठलं.

"भाऊ, दिवसा नेट चालत नाई. फाईल पाठवाले रात्री थांबा लागते. काही जुगाड होते का?"

"होते ना काका. पासवर्ड सांगा."

काकांनी सांगितला. मोठ्यानं. काउंटरसमोर पासबुक घेऊन उभ्या असलेल्या रांगेनं तो ऐकला आणि कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. पासवर्ड साहेबांचा होता, सांगितला क्लार्कनं, लिहून घेतला पाहुण्यानं आणि वापरणार होतं यंत्र. साहेब त्या वेळी पानाच्या टपरीवर होते.

आता यातली तांत्रिक गंमत थोडी सावकाश बघण्यासारखी आहे, कारण या प्रकरणात एकटं सॉफ्टवेअरच शहाणं निघालंय. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर फाईल नेण्यासाठी एससीपी, एसएफटीपी हे जे प्रोग्राम वापरतात, ते एसएसएच नावाच्या सुरक्षित जोडणीच्या प्रोग्रामच्या खांद्यावर बसून चालतात. आणि एसएसएच हा जात्याच संशयी. पासवर्ड मागताना तो थेट टर्मिनलकडे बघतो, म्हणजे कीबोर्डसमोर कुणी हाडामांसाचा माणूस बसलाय अशी अपेक्षा धरतो. आपण हुशारी करून दुसऱ्या प्रोग्रामच्या तोंडून पाइपातून पासवर्ड सरकवला, तर तो त्याकडे ढुंकून बघत नाही. नवशिक्याची पहिली संध्याकाळ इथेच वाया जाते. स्क्रिप्ट पासवर्ड ओतत राहते आणि एसएसएच टर्मिनलकडे तोंड करून बसून राहतो.

मग जुगाडाचा शोध लागतो. १९९० साली अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या, म्हणजे निस्टमधल्या, डॉन लिब्स यांनी 'एक्स्पेक्ट' नावाचं अवजार जगापुढे आणलं. ते खोटं टर्मिनल उभं करतं, समोरून 'पासवर्ड?' असा प्रश्न आला की माणसासारखं टाइप करतं. अवजार फार कामाचं, हेतूही सरळ. पुढे खास एसएसएचला गंडवण्यासाठी 'एसएसएचपास' आलं. तेही तेच करतं, फक्त एका ओळीत. मायनस पी लिहायचं, पुढे पासवर्ड लिहायचा, संपलं. या एसएसएचपासच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेतच लिहून ठेवलंय की मायनस पी हा सगळ्यांत असुरक्षित मार्ग आहे, आणि एसएसएच माणसाच्या हातूनच पासवर्ड मागतो त्याला काही कारण आहे. महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे आणि पुडीवर इशाराही छापलेला असतो. टपरीवर पुडी मागताना तो जितके लोक वाचतात, तितकेच ही पुस्तिका वाचतात.

मायनस पीची खोड अशी, की चालू प्रोग्रामची यादी मागवली तर त्याच यंत्रावरच्या कुणालाही पूर्ण आज्ञा दिसू शकते. एसएसएचपास तो शब्द घाईघाईनं खोडायला बघतो, पण खोडेपर्यंतच्या क्षणात कुणी बघितला तर बघितला. अर्थात आमच्या शाखेत इतक्या चपळ चोराची गरजच नाही. स्क्रिप्ट डेस्कटॉपवर आहे. तिची एक प्रत पेनड्राइव्हवर, 'असू द्या' म्हणून. दुसरी शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, कारण पोरगा पुण्याला परत जाताना म्हणाला होता की काही झालं तर हीच परत टाका. त्या ग्रुपवर तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेला पिग्मी एजंटही आहे. त्याला काढायचं कुणी, हा भिडेचा प्रश्न आहे.

आणि पासवर्ड काय असेल? शेगावच्या सावलीतल्या गावात हे सांगायला ज्योतिषी नको. गजानन, त्यापुढे ॲटचं चिन्ह, त्यापुढे १८७८, म्हणजे महाराज शेगावात प्रकट झाले ते साल. नियमात मोठं अक्षर हवं होतं, ते मिळालं. चिन्ह हवं होतं, तेही मिळालं. आकडा तर साक्षात इतिहासातून आला. मुख्य कार्यालयाचा दंडक असा की दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदललाच पाहिजे. मग १८७९, मग १८८०. तिमाहीला एक साल या हिशेबानं महाराजांच्या समाधीच्या १९१० पर्यंत पोचायला आठ वर्षं लागतात, तोवर साहेब निवृत्त होतील. पासवर्ड उगाच बदलायला लावू नका, लोक असेच आकडे पुढे सरकवतात, असं त्याच निस्टनं २०१७ मध्ये लिहून दिलं. ज्यांनी २००३ मध्ये तो जुना नियम लिहिला होता, त्या बिल बर यांनी जाहीर पश्चात्तापही केला. मुख्य कार्यालयातलं परिपत्रक मात्र अजून २००३ मध्येच नांदतंय. परिपत्रकाला निवृत्तीचं वय नसतं.

या फाईल पाठवण्याच्या उद्योगाच्या मुळाशी आपलाच माणूस आहे, हे फार कुणाला ठाऊक नसतं. अभय भूषण, अलाहाबादचे, कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीतले. पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये असताना त्यांनी एप्रिल १९७१ मध्ये एफटीपीचा, म्हणजे फाईल पाठवण्याच्या नियमांचा, पहिला मसुदा लिहिला. त्या काळी जाळ्यावर मोजकी यंत्रं आणि एकमेकांना ओळखणारे लोक. पासवर्ड तारेतून उघडाच जायचा, पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा कुणीही वाचावा असा. भूषण यांचा त्यात दोष नाही. दोष त्यानंतर अर्धशतक तेच वापरत राहिलेल्यांचा.

तसा पासवर्ड हा ऐवजच मुळात बारशाला चोरीला गेलेला. एमआयटीतच १९६२ साली ॲलन शेर नावाच्या संशोधकानं सगळ्यांच्या पासवर्डची फाईल छापून घेतली, कारण त्याला यंत्रावर मिळणारा वेळ पुरत नव्हता. चोरी झाली ती पैशासाठी नव्हे, रांगेत पुढे जाण्यासाठी. रेशन दुकानासमोर उभं राहिलेल्या कुणालाही हे समजेल.

एसएसएच आला १९९५ मध्ये. फिनलंडच्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी कान लावून पासवर्ड टिपले, म्हणून तिथल्या तातू युलोनेन यांनी तो लिहिला आणि फुकट वाटला. त्याला पोर्ट, म्हणजे यंत्रात शिरायचं नंबरी दार, हवं होतं. एफटीपीचं २१, टेलनेटचं २३, मधलं २२ रिकामं. युलोनेन यांनी पोर्ट वाटणाऱ्या संस्थेला एक ई-मेल टाकला आणि दुसऱ्या दिवशी २२ नंबर त्यांच्या नावावर झाला. स्टॅम्पपेपर नाही, आक्षेपांसाठी पंधरा दिवसांची नोटीस नाही, चावडीवर चिकटवलेला कागद नाही. ज्यानं वारसाचा फेरफार लावून घेतलाय त्याला हे ऐकून गलबलून येईल.

पण आमच्या शाखेतल्या स्क्रिप्टला नावं ठेवताना जरा थांबलं पाहिजे. तिनं नवीन काय केलं? साहेबाचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देण्याची पद्धत संगणकाच्याही आधीची. पूर्वी साहेबांचा रबरी शिक्का क्लार्कच्या ड्रॉवरमध्ये असायचा. मग डिजिटल सहीची पेनड्राइव्हसारखी कांडी आली. ती साहेबांच्या खिशात असणं अपेक्षित, असते ऑपरेटरच्या संगणकाला खोचलेली, पिन कीबोर्डच्या पोटाशी चिकटवलेला. साहेब दौऱ्यावर, सही कार्यालयात. स्क्रिप्ट ही त्या ऑपरेटरची धाकटी बहीण, फक्त ती चहा मागत नाही.

जनतेचं काही वेगळं आहे असंही नाही. बसस्टँडजवळच्या कुठल्याही झेरॉक्स-ऑनलाइन सेंटरवर पाच मिनिटं उभं राहावं. म्हातारबाबा येतात, डाउनलोड केलेल्या आधारची प्रिंट हवी असते. फाईल कुलूपबंद. पोरगा विचारतही नाही, रेशनकार्डावर नजर टाकतो, नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, पुढे जन्माचं साल, एंटर. उघडली. हा पासवर्ड त्यानं चोरलेला नाही, आधारवाल्यांनीच तो नियम जाहीर करून ठेवलाय. म्हणजे ज्या कार्डाला कुलूप लावलंय त्याच कार्डावर किल्ली छापलेली, आणि कार्डाची झेरॉक्स साऱ्या तालुक्यातल्या फाइलींत. बँकेचं विवरणपत्र येतं तेही असंच. पासवर्ड म्हणजे नावाची चार अक्षरं आणि जन्माची तारीख-महिना, आणि ही कृती त्याच मेलमध्ये खाली लिहिलेली. आमच्याकडच्या एका अख्ख्या पिढीचा जन्म गुरुजींनी शाळेच्या रजिस्टरात एक जूनला उरकलाय. त्या पिढीचं विवरणपत्र उघडायला तर डोकंही लावावं लागत नाही.

जपानची कचेरी आपल्यापेक्षा नेटकी. तिथे फाईलला कुलूप लावून एका मेलनं पाठवायची आणि लगेच दुसऱ्या मेलनं पासवर्ड पाठवायचा, अशी रीत वर्षानुवर्षं होती. ज्या पत्त्यावर फाईल गेली त्याच पत्त्यावर किल्ली. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या डिजिटल खात्याच्या मंत्र्यांनी केंद्रीय कार्यालयांतून ही प्रथा बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे दुसऱ्या मेलची उधळपट्टी पहिल्यापासूनच नव्हती.

यात काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांनी जरा यवतमाळकडे बघावं. २०२५ च्या अखेरीस आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनी ग्रामपंचायतीच्या नावावर जन्मनोंदणीच्या पोर्टलवर काही महिन्यांत २७ हजारांवर जन्म नोंदले गेल्याचं उघड झालं. गावची लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास. गावातल्या पाळण्यांना याची खबर नव्हती. पोर्टलला त्यात काही वावगं वाटलं नाही. आयडी बरोबर होता ना, मग झालं. विशेष तपास पथक नेमावं लागलं. पोर्टलच्या दृष्टीनं शेंदुरसनी ग्रामपंचायत अहोरात्र राबत होती, आमच्या शाखाधिकाऱ्यांसारखीच.

२०२५ च्या जानेवारीत इथे शेजारी शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस गळायला लागले, तेव्हा दिल्लीहून आयसीएमआरची माणसं नमुने न्यायला आली. पासवर्ड गळतात तेव्हा कुणी नमुने न्यायला येत नाही, कारण टक्कल दिसत नाही. कायदा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-सी, दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. तामगावच्या ठाण्यात जाऊन सांगून बघा की रोज रात्री दोनला साहेबांच्या नावानं कुणीतरी आत शिरतं. ठाणेदार विचारतील, पासवर्ड कोणी दिला? उत्तर ऐकून तेच तुम्हाला चहा पाजून परत पाठवतील.

तर व्हायचं ते एकदा झालंच. तिमाही संपली, साहेबांनी सकाळी पासवर्ड बदलला, म्हणजे एका सालानं पुढे नेला आणि स्क्रिप्टला सांगायला विसरले. यंत्राशी कोण बोलतं? रात्री दोनला स्क्रिप्ट उठली, जुना पासवर्ड दिला, नकार आला. पोरगा मोठा काळजीवाहू. फाईल गेली नाही तर दर पाच मिनिटांनी परत प्रयत्न कर, असं त्यानं लिहून ठेवलेलं. पाच चुकांनंतर मुख्य कार्यालयानं खातं गोठवलं. स्क्रिप्टला गोठणं-बिठणं कळत नाही, ती उजाडेपर्यंत दार वाजवत राहिली. सकाळी दहाला साहेब खुर्चीत बसले तर स्वतःच्याच खात्यातून बाहेर. कर्जमंजुरी अडली, त्यात एका शेतकऱ्याचे बियाण्याचे पैसे अडकले, आणि तो काउंटरवरून ओरडला, "सायेब, तुमचा पासवर्ड मले माईत हाय, सांगू का?"

खोटं बोलत नव्हता. दिवाळीला तो रांगेत होता.

पुण्याच्या पोराला फोन गेला. पोरगा आता दोन दिवाळ्यांनी शहाणा झालेला. म्हणाला, काका, पासवर्ड काढूनच टाकू, किल्ली लावू. एसएसएचमध्ये ही सोय पहिल्यापासून आहे. एका आज्ञेनं किल्ल्यांची जोडी तयार होते. खाजगी किल्ली शाखेच्या यंत्रावर राहते, तिची सार्वजनिक जोडीदारीण सर्व्हरवर जाऊन बसते, आणि पासवर्ड नावाचा पदार्थ तारेतून जातच नाही. साहेबांच्या नावाचं खातं नको, शाखेच्या यंत्राचं वेगळं खातं काढा. सर्व्हरवर एका ओळीत लिहिता येतं की ही किल्ली अमुक पत्त्यावरूनच चालेल, आणि घेऊन येणाऱ्याला एका फोल्डरमध्ये फाईल टाकण्याखेरीज काही करता येणार नाही.

इथे क्लार्ककाकांनी जो प्रश्न विचारला तो साऱ्या तंत्रज्ञांनी कान देऊन ऐकावा असा होता. "किल्ली बी त इथंच पडेल राहीन ना? चोरानं थे नेली तर?"

नेली तर एका फोल्डरमध्ये फाईल टाकेल, दुसरं काय करील? सर्व्हरवरची ती ओळ खोडली की किल्ली बाद. साहेबांचा पासवर्ड नेला तर मात्र कर्जमंजुरी गेली, मेल गेला, आणि साहेबांचा स्वभाव बघता घरच्या बँकेचाही तोच असणार. चोरी दोन्हीकडे होऊ शकते, फरक आहे तो नेण्यासारखा माल किती याचा. आणि लॉगमध्ये यापुढे 'वरवट बकाल शाखेचं यंत्र' असं येईल. साहेबांना रात्री निवांत झोपता येईल, अधिकृतपणे.

लावायला दहा मिनिटांचं काम, लागला एक अख्खा दिवस. कारण फोनवर सूचना घेणाऱ्या शिकाऊ मुलानं, काहीच चालत नाही म्हणून, सगळ्या फोल्डरला सात-सात-सात परवानगी ठोकली. म्हणजे वाचा, लिहा, चालवा, कुणीही यावं. सातबारावर निदान मोजक्यांची नावं असतात, सात-सात-सातवर अख्खं गाव चढतं. एसएसएचनं हे बघितलं आणि किल्ली घ्यायला साफ नकार दिला. ज्या किल्लीवर इतरांचा हात पडू शकतो ती मी वापरणार नाही, असा इशारा तो ॲटच्या चिन्हांची चौकट करून पडद्यावर मांडतो. शिकाऊ मुलानं फोटो काढून पुण्याला पाठवला, खाली लिहिलं, 'व्हायरस'. शेवटी परवानगी सहाशेवर आली आणि फाईल गेली. रात्री दोनला लाइट नव्हती, म्हणून अडीचला गेली.

मार्चअखेर लेखापरीक्षण झालं. परीक्षकांनी 'संगणक सुरक्षा' या मथळ्याचा छापील तक्ता पुढे ठेवला. खातेनाम, पासवर्डची अक्षरं किती, मागील बदलाचा दिनांक, पासवर्ड माहीत असलेल्या अधिकाऱ्याचं नाव. यंत्राच्या नव्या खात्यापुढे क्लार्ककाकांनी चारही रकान्यांत सुवाच्य अक्षरात 'निरंक' लिहिलं. परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला, दोनदा वाचलं, आणि शेरा मारला: सदर खात्यास पासवर्ड नसल्याचे आढळून आले, ही बाब अत्यंत गंभीर असून शाखाधिकाऱ्यांनी आपला पासवर्ड तात्काळ लागू करून पंधरा दिवसांत अनुपालन अहवाल सादर करावा.

साहेबांनी खाली सही केली, आणि काकांना विचारलं, आता कितवं साल चालू आहे.